मावशींच्या पाठीशी कोण?

चित्रफीत दीड मिनिटाची आहे, खोलीच्या कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याने वरून टिपलेली. पलंगावर एक आजी उताण्या झोपल्या आहेत आणि सांभाळायला ठेवलेली बाई वाटीतली पेज चमच्याने भरवते आहे. आजी मान वळवतात, बाई हनुवटी धरून ती सरळ करते आणि चमचा ओठांतून आत ढकलते. ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरच्या आमच्या गृहसंकुलांच्या गटांवर ही चित्रफीत कुठून आली आणि ती कोणत्या घरातली आहे, हे कोणालाच ठाऊक नाही. पण तिच्यावरून पेटलेला वाद आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेपर्यंत पोहोचला. एक पक्ष म्हणाला, ज्या बाईकडे प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र नाही तिला फाटकातून आत सोडू नये. दुसरा म्हणाला, जन्मदात्यांना परक्यांच्या हवाली करणाऱ्या पिढीने बाईच्या प्रशिक्षणाची भाषा करू नये, आधी स्वतःचे संस्कार तपासावेत. तिसरा पक्ष नेहमीप्रमाणे हिशेबाचा होता: प्रमाणपत्र मागा, की बायका पुरवणारे ब्युरोवाले उद्या दर दीडपट करतात की नाही बघा. वाद दोन तास चालला. आजी उताण्या झोपल्या होत्या, ही गोष्ट त्या दोन तासांत एकानेही बोलून दाखवली नाही.

हनुवटी धरणे हा उद्धटपणा आहे आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. परंतु ज्याची गिळण्याची ताकद कमी झाली आहे अशा माणसाला आडवे ठेवून भरवले, तर पेज अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरू शकते, आणि म्हाताऱ्या माणसांना होणारा न्यूमोनिया पुष्कळदा याच वाटेने येतो. त्या आजी मान का वळवत होत्या? हट्ट म्हणून, की ठसका लागत होता म्हणून? पलंगाचे डोके वर करायचे, पाठीला उशा लावायच्या, हनुवटी किंचित खाली ठेवायची, घास लहान घ्यायचा, पहिला गिळला गेला आहे हे पाहूनच दुसरा द्यायचा आणि जेवणानंतर निदान अर्धा तास बसते ठेवायचे, एवढे त्या बाईला कोणी दाखवले असते तर जबरदस्तीची वेळ कदाचित आलीच नसती. आणि हे केवळ बाईला ठाऊक नव्हते असे नाही. ज्याने कॅमेरा लावला त्या मुलालाही ते ठाऊक नसणार; नाहीतर ऑफिसातून मोबाइलवर पाहणाऱ्या त्या मुलाने पहिल्याच दिवशी फोन करून आईला बसती करायला सांगितले असते.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. वृद्धांची शुश्रूषा हे शिकण्याचे, शिकवण्याचे आणि योग्य मोबदला देऊन करून घेण्याचे काम आहे, म्हणून प्रशिक्षणाचा आग्रह धरणाऱ्यांच्या बाजूने मी आहे. मात्र प्रशिक्षण म्हणजे काय, याविषयीची त्यांची कल्पना मला मान्य नाही. बाईने कुठल्यातरी वर्गात तीन महिने बसावे, कागद घेऊन यावे आणि मग आपण निर्धास्त व्हावे, हे गॅस सिलिंडरवरची तपासणीची तारीख वाचण्यासारखे झाले. शिकलेले हातात टिकते ते मागे कोणी जाणते उभे असेल तरच. घरी येऊन पाहणारी, चुकले तर दुरुस्त करणारी आणि रात्री फोन उचलणारी नर्स नसेल, घरातल्या माणसांनी तेच चार धडे गिरवलेले नसतील आणि या सगळ्याची जबाबदारी सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेने घेतलेली नसेल, तर ते प्रमाणपत्र रुग्णाच्या उपयोगाचे राहत नाही. घरमालकाच्या मनाच्या शांतीपुरते उरते.

संस्कारांची बाजू मांडणाऱ्यांना मी हसण्यावारी नेत नाही. त्यांच्या म्हणण्यात एक गोष्ट पूर्ण खरी आहे. आजीला भात मऊ लागतो पण गिळगिळीत चालत नाही, दुपारी खिडकीचा पडदा ओढला की ती घाबरते, अनोळखी पुरुषाचा आवाज ऐकला की अंग चोरते, हे कोणत्याही अभ्यासक्रमात नसते. ते सहवासाने कळते. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला तर तर्क समजत नाही, सूर समजतो. निर्विकार चेहऱ्याने सगळे नियमानुसार करणारा प्रशिक्षित सेवक आणि चुकतमाकत पण जीव लावून करणारी बाई यांतून एकच निवडायची वेळ आली, तर मीही दुसरीलाच निवडीन. पण माया हाताला काय करायचे ते सांगत नाही, आणि हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही.

माझ्या आईला पक्षाघाताचा झटका आला तेव्हा तिला एका खासगी रुग्णालयात अठरा दिवस ठेवले होते. घरी सोडताना आमच्या हातात दिलेल्या कागदावर अकरा औषधे होती, पुढच्या तपासणीची तारीख होती, आहाराचा तक्ताही होता. उजवी बाजू लुळी पडलेल्या बाईची कूस कशी बदलायची, यावर एक ओळ नव्हती. नाकातल्या नळीतून दूध कसे सोडायचे, हे एका नर्सने लिफ्टची वाट पाहता पाहता तोंडी सांगितले. पहिले तीन आठवडे मी, माझी पत्नी आणि ब्युरोतून आलेल्या मावशी असे तिघे मिळून आईला काखेत हात घालून वर ओढत होतो. प्रत्येक वेळी ती कण्हायची आणि आम्हाला वाटायचे की आजारपणच तसे आहे. माकडहाडावर लाल चट्टा दिसला तेव्हा आम्ही त्यावर पावडर टाकून तो प्रेमाने चोळला, दिवसातून चार वेळा. लाल झालेली जागा चोळली की आतले नाजूक झालेले मांस आणखी फाटते, हे आम्हाला जखम उघडी पडल्यावर कळले. आमच्या घरात मायेची कमतरता होती का? मुळीच नव्हती. जखम मायेनेच वाढवली होती.

मग लघवीची नळी बदलायला ओळखीतल्या एक निवृत्त परिचारिका आल्या. त्यांनी आईचा पलीकडचा हात छातीवर ठेवला, पलीकडचा गुडघा वाकवून उभा केला, एक तळवा खांद्यामागे आणि एक खुब्यामागे ठेवून तिला आपल्याकडे अलगद वळवले. अर्धे मिनिटही लागले नाही आणि आई कण्हली नाही. त्यांनी मावशींकडून ते तीनदा करून घेतले, मग माझ्याकडून. लुळ्या हाताला धरून कधीही ओढायचे नाही, खांदा निखळतो; दर दोन तासांनी कूस; लघवीची पिशवी पलंगाच्या खालच्या चौकटीला, कमरेच्या खालीच; टाचा उशीवर टेकवायच्या नाहीत, पोटरीखाली उशी देऊन अधांतरी ठेवायच्या. मावशींनी ते एका वहीत लिहून घेतले. त्या सातवीपर्यंत शिकलेल्या होत्या आणि दिव्याहून पहाटेची लोकल पकडून येत असत. पुढच्या आठवड्यात त्या परिचारिका पुन्हा आल्या आणि त्यांनी पुन्हा करून दाखवायला लावले. माझ्या मते प्रशिक्षण ते हेच. पहिल्या भेटीइतकेच, किंबहुना थोडे अधिकच, श्रेय मी दुसऱ्या भेटीला देतो.

‘पूर्वी कुठे होती प्रशिक्षणे? एकत्र कुटुंबात म्हातारी माणसे सुखाने गेलीच ना?’ हा प्रश्न आमच्या सभेत टाळ्या घेऊन गेला. याचे एक उत्तर वैद्यकीय आहे. स्वातंत्र्याच्या वेळी या देशातले सरासरी आयुर्मान जेमतेम ३२ वर्षांचे होते. आज ते सत्तरच्या घरात आहे. पक्षाघातानंतर तीन-चार वर्षे अंथरुणावर काढणे, नळीतून जेवणे, इन्सुलिनवर आणि डझनभर गोळ्यांवर ऐंशी गाठणे, हे आपल्या पणजोबांच्या वाट्याला आलेच नव्हते. भारतात साठीच्या पुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीवरून काढला गेला. काम बदलले आहे, मग ते करण्याचे ज्ञान आजीच्या बटव्यातून कसे मिळणार?

दुसरे उत्तर अधिक अडचणीचे आहे. त्या एकत्र कुटुंबात आजोबांचे भांडे कोण उचलत होते? वाड्याच्या मागच्या खोलीत राहणारी, केशवपन केलेली, लाल आलवणातली एक आत्या किंवा काकू उच्चवर्णीय घरांत पुष्कळदा असायची. तिला पगार नव्हता, सुट्टी नव्हती आणि नकार देण्याची सोय नव्हती. ज्याला आपण कुटुंबसंस्थेचे वैभव म्हणतो त्यातला शुश्रूषेचा भाग मुख्यतः या बायकांच्या आणि त्यांच्यानंतर सुनांच्या फुकट श्रमावर उभा होता. महाराष्ट्राने त्यावर एक उपाय फार पूर्वीच शोधला, हे आपण विसरतो. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये पुण्यात उभ्या राहिलेल्या सेवासदनाने ससून रुग्णालयाच्या साहाय्याने बायकांना परिचारिकेचे शिक्षण देण्याची सोय केली. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावणारे काम भल्या घरच्या बाईने करावे, ही कल्पनाच तेव्हा अनेकांना असह्य होती. पण घरात गुपचूप आणि फुकट केले तर पुण्य, तेच शिकून आणि पगार घेऊन केले तर कमीपणा, असा हा न्याय होता. आज आपण ‘बाई’ या शब्दावर जो जोर देतो, त्यात हा न्याय अजून जिवंत आहे.

आता प्रमाणपत्रवाल्यांकडे वळतो, कारण ते माझ्या जवळचे आहेत आणि म्हणून त्यांच्याशी भांडण जास्त महत्त्वाचे आहे. त्यांची बाजू भक्कम आहे. इंजेक्शन देणाऱ्याला नोंदणी लागते, रिक्षा चालवणाऱ्याला परवाना आणि बिल्ला लागतो. मग स्वतःचे संरक्षण करू न शकणाऱ्या माणसाच्या खोलीत बारा तास एकटे राहणाऱ्याला काहीच लागू नये? शिवाय कौशल्यविकासाच्या योजनांत घरगुती शुश्रूषेचे अभ्यासक्रम आहेत, ते कागदावर चांगलेही आहेत. हे सगळे मान्य. पण आपण हा प्रयोग एकदा करून बसलो आहोत, एका दुसऱ्या कामाच्या बाबतीत, आणि त्याचा निकाल आपल्यासमोर आहे.

सुईणींना शिकवण्याचा प्रयत्न या देशात शंभराहून अधिक वर्षांपूर्वी सुरू झाला. लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने १९०३ मध्ये त्यासाठी व्हिक्टोरिया मेमोरियल स्कॉलरशिप फंड स्थापन झाला. स्वातंत्र्यानंतर सरकारनेही हाच मार्ग धरला आणि लाखो सुईणींना काही आठवड्यांचे शिक्षण आणि हातात एक पेटी देऊन गावी परत पाठवले. स्वच्छ हात आणि स्वच्छ ब्लेड यांचा उपयोग झाला नाही असे कोणी म्हणणार नाही. पण बाळंतिणीला रक्तस्राव सुरू झाला की त्या सुईणीने काय करायचे होते? तिच्या मागे गाडी नव्हती, रक्त नव्हते, शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर नव्हता आणि तिचा निरोप घेणारेही कोणी नव्हते. बायका मरत राहिल्या आणि दोष मात्र ‘अडाणी सुईणी’च्या माथी बसला. अखेर जननी सुरक्षा योजना २००५ मध्ये आली आणि भर रुग्णालयातल्या बाळंतपणावर गेला. सुईणीला शिकवणे चुकीचे नव्हते. तिला शिकवून एकटी सोडणे चुकीचे होते.

याच्या उलट उदाहरणही महाराष्ट्रातलेच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने खेड्यातल्या पाचवी ते दहावी शिकलेल्या बायकांना नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवले: वजन करणे, बाळाला ऊब देणे, श्वास मोजणे, जंतुसंसर्ग ओळखणे, इतकेच काय, प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणेही. या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तुलनेच्या गावांच्या मानाने तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाला होता. या बायका त्या सुईणींपेक्षा हुशार होत्या म्हणून हे घडले का? फरक एवढाच होता की त्यांच्या कामाच्या नोंदी तपासल्या जात, पर्यवेक्षक ठरावीक दिवशी येत आणि अडले तर विचारायला डॉक्टर होते. त्याआधी १९७० पासून जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावोगावच्या निरक्षर बायकांना आरोग्यसेविका केले, तेव्हाही त्या एकदा शिकून गेल्या असे झाले नाही. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, आपापल्या गावची प्रकरणे मांडत आणि नवे शिकून परत जात. ज्या राज्याने जगाला हे दाखवून दिले, त्या राज्याच्या शहरांत वृद्धांच्या शुश्रूषेचा विचार मात्र ‘सर्टिफिकेट आहे का?’ या एका प्रश्नावर संपतो, याला काय म्हणावे?

प्रमाणपत्राच्या सक्तीचा आणखी एक तोटा आहे, आणि तो सभेत बसलेल्यांना दिसत नाही, कारण त्याची झळ सभेबाहेर बसते. दिवा, मुंब्रा, कळवा, किसननगर, इकडे दिघा, तुर्भे या भागांतून हे काम करायला येणाऱ्या बायकांपैकी कितीतरी जणींनी दहा-पंधरा वर्षांत डझनभर माणसांना शेवटपर्यंत सांभाळले आहे. त्यांच्याकडे कागद नाही, हात आहे. तीन महिने रोजगार बुडवून वर्गाला बसणे त्यांना परवडणार नाही. सक्ती झाली की त्या बाहेर पडतील, किंवा कागद विकत घेतील, आणि आपल्याकडे कागद विकत मिळत नाही असे छातीठोकपणे सांगणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. त्यापेक्षा त्यांच्या हातात आहे ते तपासा, चुकते आहे ते त्याच घरात दुरुस्त करा आणि त्यावरून त्यांची श्रेणी ठरवा. ज्या बाईला नळीचे जेवण देता येते, बेडसोर, म्हणजे अंथरुणात पडून होणारी जखम, ओळखता येतो, इन्सुलिनवरच्या माणसाला अचानक घाम सुटला आणि तो असंबद्ध बोलू लागला तर साखर उतरल्याची शंका येते, तिला केवळ सोबत करणाऱ्या बाईइतकेच पैसे मिळत असतील तर ती पुढचे का शिकेल? आज कौशल्य वाढले तरी वाढते ते ब्युरोचे बिल. बाईच्या हातात पडणारी रक्कम फारशी हलत नाही.

इथे हिशेबवाल्यांचा आक्षेप येतो, आणि तिन्हींमध्ये तोच मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. वागळे इस्टेटच्या कारखान्यांतून निवृत्त झालेल्या माणसाचे निवृत्तिवेतन किती असते, हे ठाण्यात वेगळे सांगायला नको. दिवसाची आणि रात्रीची अशा दोन बायका ठेवायच्या तर घर मोडते. कौशल्याची किंमत वाढवा म्हणणारा मी ती किंमत कोणाच्या खिशातून काढणार आहे? उत्तर एकच आहे: ती एकट्या कुटुंबाच्या खिशातून निघू शकत नाही. आणि सार्वजनिक पैसा या वयाच्या माणसांवर आपण खर्च करत नाही असेही नाही. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, आयुष्मान भारत योजनेत पाच लाखांपर्यंतचे रुग्णालयीन संरक्षण मिळाले. चांगलीच गोष्ट झाली. पण ती योजना माणूस रुग्णालयात दाखल झाल्यावर जागी होते. बेडसोर चिघळून रक्तात विष पसरले तर उपचारांचे पैसे मिळतील; तो बेडसोर होऊ नये म्हणून आठवड्यातून एकदा घरी येणाऱ्या नर्सचे मात्र मिळणार नाहीत. आपण खर्च करतो आहोतच, फक्त उशिरा करतो आहोत.

जपानने २००० साली आणि जर्मनीने १९९५ साली दीर्घकालीन शुश्रूषेसाठी स्वतंत्र विमा सुरू केला. श्रीमंत देशांची उदाहरणे इथे लागू पडत नाहीत, हे मला मान्य आहे. विम्याचे ते ओझे आज आपल्याला पेलणार नाही. पण त्या व्यवस्थांतल्या दोन स्वस्त गोष्टी घेण्यासारख्या आहेत. जपानमध्ये या कामाचे प्रवेशाचे शिक्षण १३० तासांचे असते आणि तिथून पायरी पायरीने राष्ट्रीय परीक्षेपर्यंत जाता येते, म्हणजे शिडी असते. जर्मनीत घरच्या माणसाची काळजी घेणाऱ्या नातेवाइकांसाठी मोफत वर्ग ठेवणे शुश्रूषा विमा निधींवर कायद्यानेच बंधनकारक आहे आणि ते शिक्षण घरी येऊनही देता येते. आपल्याकडे नातेवाइकाने काही शिकायचे असते, ही कल्पनाच नाही. आपण बाई ठेवतो आणि मग देखरेख करतो. ज्याची देखरेख करायची ते स्वतःला येत नसले तरी करतो. आणि गंमत पाहा, महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यात परिचर्येचे कामही आहे. म्हणजे स्टुटगार्टच्या आजोबांसाठी मराठी मुलामुलींना भाषेसकट तयार करता येते, हे सरकारला मान्य आहे. या मुलांनी जाऊ नये असे मी म्हणणार नाही. चार पैसे आणि मान जिथे मिळेल तिथे माणूस जाणारच. प्रश्न इतकाच आहे की ठाण्यातल्या कोपरीच्या आजोबांसाठी तीच खटपट का करता येऊ नये?

या सगळ्या चर्चेत ज्यांचे नावही निघत नाही असे शिकाऊ आणखी आहेत: खुद्द डॉक्टर आणि परिचारिका. ‘वय झाले, आता असेच चालायचे’ हे वाक्य आपल्या दवाखान्यांत किती सहज उच्चारले जाते! काल नीट बोलणारी आजी आज एकाएकी बरळू लागली, तर ते वय नसते. मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो, सोडियम उतरलेले असू शकते, नवी सुरू केलेली झोपेची गोळी असू शकते. पलंगावरून झटकन उठल्यावर रक्तदाब उतरून तोल गेला आणि खुब्याचे हाड मोडले, तर त्याचे मूळ कधीकधी तीन वेगवेगळ्या डॉक्टरांनी एकमेकांना न विचारता दिलेल्या गोळ्यांत असते. राष्ट्रीय वृद्ध आरोग्यसेवा कार्यक्रम २०१०-११ पासून आहे. जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा स्वतंत्र कक्ष, आरोग्यसेवकांचे प्रशिक्षण, अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी भेटी, हे सगळे त्यात लिहिलेले आहे. बाईला प्रमाणपत्र विचारणाऱ्या आपण कधी रुग्णालयाला विचारले आहे का, की घरी सोडण्यापूर्वी नातेवाइकाकडून एकदा तरी कूस बदलून घेतली होती का? दोन दिवस, रोज वीस मिनिटे, खाटेच्या बाजूला. याला नवी इमारत लागत नाही.

नवी मुंबईचा विचार करताना मला हा प्रश्न अधिक टोकदार वाटतो. सिडकोची स्थापना १९७० ची. ज्या तरुण जोडप्यांनी ऐंशीच्या आसपास दादर-गिरगाव-परळ सोडून वाशीत घरे घेतली ती तेव्हा पस्तिशीत होती, म्हणजे आज ती ऐंशीच्या घरात आहेत, आणि सगळी एकदमच आहेत. शहर एका वेळी वसले तर एका वेळीच म्हातारे होते. मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा त्याच्याही पलीकडे. सिडकोच्या जुन्या चार मजली इमारतींना लिफ्ट नाही. चौथ्या मजल्यावरच्या माणसाचा गुडघा गेला की त्याचे शहर दोन खोल्यांएवढे होते, आणि तो रुग्णालयात जातो तो खुर्चीवर बसवून चौघांनी उचलून नेल्यावरच. अशा माणसाला ‘दवाखान्यात या’ म्हणणाऱ्या व्यवस्थेचा काय उपयोग? त्याच्याकडे जाणाराच कोणी तयार करावा लागेल. विरंगुळा केंद्रे आहेत आणि ती चांगली चालतात, पण तिथे चालत जाता येते त्यांच्यासाठीच ती आहेत.

महापालिकेला गटारे साफ करता येत नाहीत, ती नर्स काय पाठवणार, असे कोणी म्हणेल. या आक्षेपापुढे मी अर्धा हार मानतो. पण उरलेल्या अर्ध्याचे उत्तर वाशीतच आहे. दिव्यांग मुलांसाठीचे ईटीसी केंद्र नवी मुंबई महापालिकेनेच उभे केले. तेही कोणत्या महापालिकेच्या रोजच्या कामात बसत नव्हते. केरळमध्ये तर स्थानिक स्वराज्य संस्थांनी हे काम अंगावर घेतले. त्या राज्याने २००८ मध्ये वेदनाशमन आणि उपशामक सेवेचे, म्हणजे गंभीर आजारात त्रास कमी ठेवणाऱ्या काळजीचे, धोरण जाहीर केले, आणि तिथे पंचायतीच्या आधाराने चालणाऱ्या पथकातली परिचारिका अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाते, सोबत परिसरातले स्वयंसेवक असतात. केरळ आपल्यापेक्षा फार श्रीमंत नाही. वाशी, नेरुळ आणि ऐरोलीला महापालिकेची रुग्णालये आहेत, ठाण्याला कळव्याचे रुग्णालय आहे. त्या प्रत्येकाला जोडून चार-पाच फिरत्या परिचारिका नेमल्या, परिसरातल्या शुश्रूषा करणाऱ्या बायकांची नावे नोंदवली, महिन्यातून दोन दुपारी त्यांना वॉर्डातच शिकवले आणि त्या दोन दुपारींची बुडालेली मजुरी भरून दिली, तर सुरुवात होते. हे काम आशा सेविकांच्या गळ्यात मात्र मारू नये. त्यांच्या पाठीवर आधीच इतकी गाठोडी आहेत की आणखी एक ठेवणे हा निव्वळ अन्याय होईल.

२०२२ मध्ये साठीच्या पुढचे १४.९ कोटी लोक या देशात होते आणि २०५० मध्ये ते ३४.७ कोटी होतील, असे संयुक्त राष्ट्रसंघाच्या लोकसंख्या निधीचा २०२३ चा अहवाल सांगतो. आज चाळिशीत असलेले, सर्वसाधारण सभेत हात वर करून फाटकावर कागद तपासायचा ठराव मंजूर करणारे आमचे शेजारी त्या आकड्यात आहेत. ठराव मंजूर झाला, हे सांगायचे राहिले. आता आमच्या फाटकावर पहारेकरी नव्या बाईला प्रमाणपत्र विचारतो आणि त्याची प्रत वहीत चिकटवतो. तिला काय येते हे त्याला कळत नाही, ते कळणे त्याचे कामही नाही.

आईला जाऊन आता दीड वर्ष झाले. त्या मावशी हल्ली खारेगावातल्या एका घरी असतात; तिथले आजोबा खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर उठलेलेच नाहीत. परवा रात्री नऊच्या सुमारास त्यांनी मला एका टाचेचा फोटो पाठवला आणि पाठोपाठ फोन केला. ‘दादा, हे लाल झालंय ना, ते बोटानं दाबलं तरी पांढरं होत नाही.’ दाबून पाहायचे असते हे त्यांना त्या परिचारिकेने शिकवले होते आणि त्यांनी ते लक्षात ठेवले होते. मी म्हणालो, चोळू नका, पोटरीखाली उशी द्या, टाच अधांतरी ठेवा. ‘ते केलंय. पण याच्यापुढं काय करायचं?’ त्या परिचारिका मुलीकडे नाशिकला गेल्या आहेत आणि त्यांचा फोन लागत नव्हता. ब्युरोत फोन केला तर बदली बाई हवी आहे का, एवढेच विचारतात, असे मावशी म्हणाल्या. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस आहे. पुढचे मला ठाऊक नव्हते. मी त्यांना थोडा वेळ थांबायला सांगितले आणि कोणाला फोन करता येईल ते आठवत बसलो.